राखणदारांची न्याहारी

शेताच्या राखणदारांची मर्जी कशी सांभाळावी, हे कांपेचेच्या जंगलात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी छाती पुढे काढून सांगत असे. हे राखणदार, म्हणजे आलूश, गुडघ्याएवढे असतात, दिसत नाहीत, आणि उपाशी ठेवलं तर उभं पीक झोपवतात. त्यांना साका ठेवायचा, म्हणजे मक्याचं पांढरं पेय. ते पीत असतील तेव्हा शेतात पाय टाकायचा नाही. झालं!

म्हणूनच सासूबाईंनी, दोन्या बोनिफासियांनी, चुलीवर धुरात टांगलेली शेवटची कणसं माझ्या हाती दिली. वारलेल्या सासऱ्यांच्या वाणाचा काळा मका. गावात दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता.

"जावई, हा गेला तर त्यांचं काहीच राहणार नाही," त्या म्हणाल्या.

मी पेरणी केली आणि कुंपणालगत, पेरलेल्या जागेवरच, साक्याच्या तीन वाट्या मांडल्या.

पहाटे धुक्यात गेलो आणि कुंपणापाशीच थांबलो. जमिनीतून आवाज येत होता. धुम्. धुम्. धुम्. कानापेक्षा पोटालाच जास्त ऐकू येणारा. मग धुक्यात ओळीने निळे डोळे उघडले, आणि मिटले. मी घरापर्यंत पळालो. उन्हं वर आल्यावर पाहिलं, तर वाट्या रिकाम्या!

"चक्क प्यायले," मी बायकोला सांगितलं.

"आत जाऊन बघितलंत का?" फिदेलियाने विचारलं.

"जेवणाऱ्याच्या ताटात डोकावतात का कुणी?"

रोज मी कुंपणाबाहेरूनच वाट्या भरत गेलो. रोज धुम् धुम् वाढत गेलं. भूक भागत नसेल म्हणून मी साक्यात मध घातला, मग भरडलेला मका. आवाज चारी बाजूंनी यायला लागला.

"पाहुणे फार झालेत, वेन्चो," मेव्हणा म्हणाला.

"मान आहे आपला," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मात्र वाट्या भरून पळतच घरी आलो.

शेवटी सासूबाईंनी विचारलं, "कोंब दिसले का?"

"आलूश उठले की बघतो."

त्यांनी काठी उचलली आणि थेट शेत गाठलं. मी मागे, त्यांच्या शालीचं टोक धरून. धुक्यात डोळे उघडले. सासूबाईंनी टाळी वाजवली, आणि डोळे फडफडत झाडावर जाऊन बसले. रानटर्की! निळी डोकी, त्यांवर नारिंगी गाठी, पसरलेल्या शेपटीभर निळे डोळे, आणि छातीतून तेच धुम् धुम्.

शेत उकरून ठेवलं होतं. सासूबाई खाली बसून बोटांनी माती चाचपत राहिल्या.

"एक दाणा नाही रे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. सासऱ्यांना पुरतानाही त्या रडल्या नव्हत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रागाने मी वाट्या उचलून भिरकावल्या. त्यांच्याखाली वाकडे, पांढुरके कोंब उभे राहू बघत होते.

"बघा, आई! आलूशांनी राखलंच ना?"

"वाट्यांनी राखलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता तू बस इथे, कणसं धरेपर्यंत. वाटीएवढं तरी काम कर."

तेव्हापासून मी पहाटे कोंबांपाशी बसतो. पाठीमागून धुम् धुम् येतं. टर्कीच असणार, दुसरं काय. फक्त काल मागून धुम् धुम् चालू असताना सगळ्या टर्की समोरच्या झाडावर गप्प बसल्या होत्या. मी अजून मागे वळून पाहिलेलं नाही.