पिकर्सगिल मास्तर घाबरत नाहीत

"भुताटकीच्या घरांच्या गोष्टींना आता शेंबडं पोरही भीत नाही!" यॉर्कशरमधल्या एका गावच्या वाचक मंडळात निवृत्त हेडमास्तर ऑब्री पिकर्सगिल यांनी ठणकावून सांगितलं. मंडळाने लगेच एक जाडजूड भयकादंबरी त्यांच्या हातात ठेवली. पुढच्या बैठकीत त्यांनी परीक्षण वाचायचं ठरलं.

बायको विनिफ्रेड बाजारात गेल्यावर मास्तर दुपारचा चहा घेऊन वाचायला बसले. अर्धं पुस्तक त्यांनी व्याकरणाच्या चुका काढण्यात संपवलं. मग कादंबरीतल्या ओसाड हवेलीच्या जिन्यावर कुणीतरी धापा टाकू लागलं, आणि नेमकं त्याच वेळी मास्तरांच्या जिन्यावरही.

"पाइपातली हवा असणार," मास्तर मोठ्याने म्हणाले.

पाइपातली हवा दोन पायऱ्या खाली उतरली.

मधलं त्यांना नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा ते जिन्याखालच्या झाडू-बादल्यांच्या कपाटात होते. दार घट्ट ओढून घेतलेलं होतं आणि आतली मूठ निखळून त्यांच्या हातात आली होती.

एवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या हेस्टर क्रॅब्ट्रीबाई आत आल्या. "बार्नबी! मेल्या, परत दुसऱ्याच्या घरात शिरलास?" त्यांचा म्हातारा, जाडा कुत्रा धापा टाकत जिना उतरला.

आता मास्तरांना खरा घाम फुटला. हेस्टरबाई वाचक मंडळाच्या चिटणीस! हाक मारावी तर अब्रू जाणार, न मारावी तर आत गुदमरायची पाळी. त्यांनी दारावर हळूच टकटक केलं.

"क... कोण आहे?"

मास्तरांनी आवाज घोगरा केला. "दार उघड... आणि मागे न बघता निघून जा!"

हेस्टरबाईंनी त्यातला दुसरा भाग तेवढा पाळला.

थोड्याच वेळात अख्खं मंडळ पाद्रीबुवांना घेऊन फाटकाशी जमलं. आत पाऊल टाकायला मात्र कुणी तयार होईना.

"पाद्रीबुवा, तुम्ही व्हा ना पुढे!"

"मी इथूनच प्रार्थना करतो. लांबूनही तेवढीच लागू पडते."

विनिफ्रेड भाजीच्या पिशव्या घेऊन परतली. जिन्याखालच्या कपाटात भूत आहे असं कळताच ती गर्दीतून वाट काढत सरळ आत गेली आणि तिने कपाट उघडलं. उपड्या बादलीवर नवरा बसलेला, हातात दाराची मूठ.

"अरे ऑब्री, काय हे? ये बाहेर."

"बाहेर कोण कोण आहे?"

"सगळं मंडळ."

"मग दार लाव."

विनिफ्रेडने शांतपणे दार लावलं आणि फाटकापाशी जाऊन सांगितलं, "आहे बाई, खरंच आहे भूत. पण काळजी करू नका, निरुपद्रवी आहे."