परबबाईंचा खडू

मोबाइलवर कुणी कुणाला वेडंवाकडं लिहिलं, की आमच्या परबबाई त्याच्यापुढे खडू धरतात. दिंडोशीच्या आमच्या शाळेत त्या संगणक शिकवतात, पण पर्समध्ये खडू कायमचा.

"थंय लिवलंस ना? आता हंय फळ्यार लिव. खाली नाव घाल नि बाजूक उभो रव!"

बाई मालवणच्या. चिडल्या की पुस्तकी मराठी गुंडाळून ठेवतात. पोरं खडूकडे बघतात, जिन्याजवळच्या फळ्याकडे बघतात आणि मुकाट्याने मेसेज पुसतात. बाईंना तेवढंच हवं असतं.

मीही सुटलो नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'मुख्याध्यापकांना सभांचा आजार आहे.' दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर खडू ठेवलेला! पुसला बुवा मेसेज.

खरं सांगतो, आम्ही सगळे पिचलेले आहोत. पेपर, मतदारयाद्या, सभा, आणि त्यात पोरांच्या ग्रुपवरची भांडणं. कुणाला उत्साह आहे?

यंदा आठवीतल्या सानिकाचा वर्गात डुलकी घेतानाचा फोटो कुणीतरी काढला आणि त्याचं स्टिकर वर्गभर फिरवलं. सानिका शाळेत यायची बंद झाली. बाईंनी सगळ्या वर्गापुढे खडू धरला. कुणी कबूल करेना.

"दुर्लक्ष करा हो बाई," मी डबा उघडत म्हणालो, "चार दिवसांत विसरतील."

बाई उठल्या आणि जिन्याजवळच्या फळ्यावर लिहू लागल्या :

'माझ्या एका विद्यार्थिनीचा असाच फोटो फिरला होता. मी तिला म्हणाले, दुर्लक्ष कर. ती पुन्हा शाळेत आली नाही. — सुनंदा परब.'

आणि पूर्ण मधली सुट्टी बाजूला उभ्या राहिल्या. मी डबा बंद केला. मला माझी लाज वाटली.

सुट्टी संपता संपता आठवीतल्या दोन मुली 'आम्हीच केलं' म्हणत रडत आल्या. बाईंनी त्यांना खडू दिला नाही, रुमाल दिला.

"डोळे पुसा गो. शाळा सुटली की सानिकाकडे जावया. मी पण येतंय."

सोमवारी सानिका आली. दोघींच्या मधे बसली.

फळ्यावरचं ते वाक्य अजून तसंच आहे. शिपाईमामा पुसायला गेले की बाई म्हणतात, "रवांदे. ती खंय आयली अजून?"