एप्रिलात रांगणारे करमरकर भावोजी

आमचे शेजारी करमरकर भावोजी एप्रिल लागला की रांगतात. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. टोकियोत आमच्या फुनाबोरीच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली तर एक मजला चढायचे नाहीत. पण चिबाकडच्या शेतातल्या तळ्याच्या काठाने हा माणूस चार पायांवर जातो, आणि मागे वळून माझ्यावरच खेकसतो, "वहिनी, सावली!"

म्हणजे माझी सावली पाण्यात पडली, मासा बुजला. झालं, खापर माझ्या माथी!

मुळात या माणसाला बास मासा धरायचं वेड लागावंच कसं? केकमध्ये अंडं आहे म्हणून केक न खाणारा माणूस. कोम्बिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, भाताचा गोळा घेताना आत माशाचा चुरा नाही ना, हे त्या काउंटरवरच्या पोरीला तीनदा विचारणार. आणि इथे मासा गळाला लागला की ओल्या हातांनी उचलायचा, पट्टीवर ठेवून मोजायचा, फोटो काढायचा आणि "माफ करा हं" म्हणून परत पाण्यात सोडायचा. तेही मराठीत!

"अहो, त्या जपानी माशाला काय कळणार?" मी म्हटलं.

"तो मूळचा अमेरिकेचा. इथे आपल्यासारखाच, बाहेरून आलेला."



वर सिद्धान्त ऐकायचे. "मोठे मासे खोलातच असतात, हा अडाण्यांचा समज! अंडी घालायच्या दिवसांत चांगली मोठी मादी गुडघाभर पाण्यात येते. ऊन खाणारा काठ बघायचा, गवताच्या कडेला अळी टाकायची, आणि गप्प बसायचं. गप्प, वहिनी!" अळी म्हणजे रबराची हो. आमचे हे पाठदुखीचं निमित्त काढून सुटले. बायको, सुनंदा, गेल्यापासून भावोजींना एकटं सोडवत नाही, म्हणून मी जाते. माझा लाल स्वेटर माशांना दिसतो म्हणून मला चिखलाच्या रंगाचा रेनकोट घालायला लावतात. कडक उन्हात!

त्यांना हवा असतो एकोणपन्नास सेंटिमीटरच्या वरचा मासा. कारण त्यांची लेक मुक्ता. ती नागोयाला इंजिनियर, फोनवर बोलायला वेळ नाही. भावोजी तिला माशाचा फोटो पाठवतात. मासा आधीच्यापेक्षा मोठा असला की तिचं जपानीत उत्तर येतं, "सुगोई!" म्हणजे भारीच! लहान असला तर नुसता अंगठा. एकोणपन्नासचा मासा मिळाला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून अंगठेच येतायत.

गेल्या रविवारी रांगून रांगून पँटचा गुडघा फाटला, आणि गळाची काठी कमानीसारखी वाकली. मासा बाहेर आला तो काय सांगू, तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरावा लागला.

"पट्टी, वहिनी, पट्टी!"

पट्टी मी आगगाडीत विसरले होते.

"तीन वर्षं, वहिनी! तीन वर्षं!"

"ओरडू नका. मी वितीनं मोजते." मोजला. दोन विती आणि वर चार बोटं.

"तुमची वीत किती सेंटिमीटर?"

"मला काय माहीत? आमच्याकडे विहीणबाईंना द्यायचं कापडसुद्धा वितीनंच मोजलंय!"

"जाऊ दे, त्याचा जीव चाललाय. काढा फोटो, लवकर!"

एरवी फोटोत नुसता पट्टीवरचा मासा असतो. आता पट्टीच नाही, तर मासा छातीशी धरून भावोजीच उभे राहिले. मी बटण दाबलं. मासा माफी ऐकून गेला.

परतीच्या गाडीत माझ्याशी अबोला. फोटो पाठवताना तेवढं मोठ्याने वाचून दाखवलं, "मोजता आला नाही. वहिनींमुळे." मी धपाट्याचा डबा पुढे केला, तोही घेतला नाही. फोन मांडीवर उताणा ठेवून बसले. अंगठ्याचीच वाट बघत होते बिचारे.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. तिचं उत्तर जपानीत, मग मला मराठीत करून सांगायला लागले, "'बाबा, किती वाळलात! स्वेटरची बाही उसवलीय. शनिवारी येते.'"

"आणि?"

"आणि काही नाही. माशाबद्दल एक अक्षर नाही!" केवढे चिडले. "एवढा मासा पाठवला, बघितलासुद्धा नाही तिनं."

फुनाबोरी आलं. मी पिशव्या उचलल्या. भावोजी फोन दोन्ही हातांत धरून तसेच बसलेले, ओठ हलत होते, "शनिवारी येते... शनिवारी येते..."

"अहो, उतरायचंय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," मान वर न करता म्हणाले. "मी येतो."

मी उतरले. दार लागलं, आणि गाडी त्यांना घेऊन पुढे गेली.