निळी रेषा

डिटेक्टिव्हला (हे नाव बायकोने ठेवलेलं, खरं नाव आता त्याच्या आईलाही पटकन आठवत नाही) घरामागच्या अंगणात एक खोली हवी होती. बस, एवढंच! ऑफिसचं काम घरून, टेबल स्वयंपाकघरात, आणि मीटिंगमध्ये साहेबांनी "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं रे म्हटलं की मागून कुकर बोलायचा. शेवटी साहेब म्हणाले, "पुन्हा शिट्टी ऐकू आली तर तू रोज ऑफिसात." ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे खोली हवीच!

पण घर नदीजवळ. तिथे साधं कोंबड्यांचं खुराडं बांधायचं तरी परवानगी. बायकोने अर्ज करायला लावला. मग एक दिवस नगरपालिकेचा माणूस आला, तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून बघितलं, घराच्या मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर निळी रेषा ओढली, कुंपणापलीकडच्या काकांशी काहीतरी बोलला आणि हसत निघून गेला.

हसत! डिटेक्टिव्ह मीटिंगमध्ये अडकलेला, खिडकीतून नुसता बघत बसलेला.

"काकांनी त्याला फितवलंय," बायको कामावरून आल्या आल्या त्याने जाहीर केलं.

"अरे, ते कुंपणाची मेंदी कापत होते."

"रोज? कापून कापून टक्कल पडलंय मेंदीला! इकडचं नीट दिसावं म्हणून कापतात."

"बरं, रेषेचं काय?"

"दिसत नाही? याच्या वर बांधायचं नाही! गुडघ्याएवढी खोली. मी काय रांगत काम करू?"

"मग त्या माणसाला विचार ना."

"विचारलं की ही माणसं सावध होतात."

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेली आणि हा कामाला लागला. जुनी रेषा खरवडली, वर चुना फासला. कपाट रंगवून उरलेला निळा रंग होताच. स्टुलावर चढून, हात पुरेल तितक्या उंचीवर नवी रेषा ओढली. (वर आणखी थोडी जागा ठेवायला हवी होती, पंख्यासाठी, अशी रुखरुख त्याला लागून राहिली.)

आठवड्याने तो माणूस परत आला. मान वर करून त्याने बराच वेळ भिंत बघितली.

"एवढ्या वर?"

"तुम्हीच ओढलीत," डिटेक्टिव्ह ठणकावून म्हणाला.

"असेल. पूर इथवर येतो म्हणजे. खोलीची जमीन या रेषेच्या वर घ्या, लगेच परवानगी."

"वर? जमीन?" डिटेक्टिव्हने रेषेकडे बोट केलं. "रेषा जरा... खाली नाही घेता येणार?"

"छे! सरकारी रेषा कुणी हलवतं का?" माणूस त्याच्या निळ्या नखांकडे बघत म्हणाला.

कुंपणापलीकडे कात्रीचा आवाज थांबला होता.

काय करता? चार खांबांवर खोली उभी राहिली. शिडी चढून ऑफिस! बायको शिडीखाली उभी राहून इतकी हसली की तिला तिथेच बसावं लागलं. पण वर काय शांतता! काय वारा! शिवाय खिडकीतून काकांचं अख्खं अंगण दिसायचं. (हे निव्वळ सुरक्षेसाठी.)

गल्लीत एकेका घराला पडदे लागले. मग तक्रार गेली आणि तोच माणूस तिसऱ्यांदा आला.

"लोक म्हणतात तुम्ही सगळ्यांच्या घरात डोकावता. ही खिडकी बुजवा. फक्त तुमच्या घराच्या बाजूने उघडायची."

त्या बाजूला, बरोब्बर खाली, स्वयंपाकघराची खिडकी.

नव्या खिडकीची पहिली मीटिंग. साहेब म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" आणि खालून जी सणसणीत शिट्टी आली!

"हे काय होतं?"

"बोट, सर!" डिटेक्टिव्ह उसळून म्हणाला. "नदीतली. आमच्याकडे सारख्या जातात."

"अहो डिटेक्टिव्ह!" खालून काका जीव तोडून ओरडले. "तुमचा कुकर! बंद करा, डाळ लागतेय!"



"उद्यापासून ऑफिसात ये," साहेब म्हणाले. "बोटीने ये."