केबिनची मागची बाजू

दाताचे डॉक्टर सोमवार ते शनिवार लोकांच्या तोंडातली कीड काढत, आणि रविवारी कीड लागलेल्या गोष्टी शोधत हिंडत. रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनींचे फोटो काढायचं त्यांना वेड होतं. रुळांच्या कडेची ती दुमजली खोली, वरच्या मजल्याला चहूबाजूंनी काचा, आत सिग्नल हलवायचे माणसाच्या छातीएवढे लोखंडी दांडे. रंग जितका उडालेला आणि काच जितकी फुटकी, तितका डॉक्टरांचा चेहरा खुलत असे.

"हेच एखाद्याच्या तोंडात दिसलं असतं तर त्याला केवढं ओरडला असता," बायको म्हणायची.

"तोंडाचं वेगळं. हे सौंदर्य आहे," डॉक्टर म्हणायचे.

दोन महिन्यांपूर्वी ते एका आडमार्गावरच्या जुन्या छोट्या गाडीत बसले होते. ही गाडी आता फक्त हौशी लोकांसाठी, रविवारीच धावायची. एका लहानशा स्टेशनाबाहेर त्यांना ती केबिन दिसली. भिंतींचे पोपडे निघालेले, जिना गंजलेला, आणि एक वेल या खिडकीतून आत शिरून त्या खिडकीतून बाहेर आलेला. गाडी पुढे गेली, डॉक्टरांची मान मागेच राहिली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिथल्या स्टेशन मास्तरांना पत्र लिहिलं. लिहिताना हात जरा सैल सुटला. 'आपल्या केबिनीच्या रूपाने मला भुरळ घातली आहे. जुन्या केबिनींच्या फोटोंचं प्रदर्शन भरत आहे, त्यात तिला मानाची जागा मिळावी अशी माझी इच्छा आहे.' तिचं नेमकं काय आवडलं, ते मात्र लिहायचं राहिलं.

ठरलेल्या रविवारी सकाळी डॉक्टर आणि बायको गाडीतून उतरले, तेव्हा स्टेशन मास्तर कडक इस्त्रीच्या कपड्यांत हात जोडून उभे होते. हवेत ताज्या रंगाचा वास होता. डॉक्टरांनी नाक वर करून दोनदा हुंगलं.

"या, या! आता बघा तुमची केबिन!" मास्तर म्हणाले.

केबिन हिरवीगार चकाकत होती. काचा नव्या होत्या. जिना काळाकुळकुळीत. दारात एक म्हातारे गृहस्थ हातात तेलाचं फडकं घेऊन उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणत. याच केबिनीत त्यांनी एकतीस वर्षं दांडे ओढले होते आणि आता ते निवृत्त झाले होते.

"तो मेला वेल होता ना, तो उपटला मी!" मामा अभिमानानं म्हणाले. "कंबर धरली दोन दिवस, पण मुळासकट काढला बघा."

"छान," डॉक्टर म्हणाले. सुई न देता त्यांचीच दाढ कुणी उपटावी, तसा त्यांचा आवाज आला.

"प्रदर्शनात जायचंय म्हटल्यावर पोरीला नटवायला नको?" मास्तर म्हणाले. "महिनाभर सगळे राबतोय. आता फक्त मागची बाजू राहिलीय, तीही तासाभरात होते."

मागची बाजू! डॉक्टर जवळजवळ धावतच मागे गेले. तिथे सगळं जागच्या जागी होतं. पोपडे, गंज, विटांतून उगवलेलं गवत. पण रंगारी शिडी टेकवून डबा ढवळत होता.

"अहो, सांगून टाका ना त्यांना," बायको कुजबुजली.

"काय सांगू? मामांची कंबर वाया गेली म्हणून?"

"मग मी बघते." आणि ती मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, रंगाच्या वासानं ह्यांना धाप लागते हो! थोडा वेळ काम थांबवाल का?"

काम ताबडतोब थांबलं. रंगारी डबा ठेवून शिडीखाली टेकला. पण त्याचबरोबर खुर्ची आली, पाणी आलं, आणि मामा फडक्यानं वारा घालू लागले. डॉक्टर उठायला गेले की मास्तर त्यांना खांदे दाबून बसवत.

"मला आता बरं वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

"असंच वाटतं आधी," मामा म्हणाले.

अर्ध्या तासानं कशीबशी सुटका करून घेऊन डॉक्टरांनी मागच्या भिंतीसमोर कॅमेऱ्याची तिपाई उभी केली. भिंत अजून झाडाच्या सावलीत होती. दहा मिनिटांत ऊन तिच्यावर येणार होतं, आणि मग असा फोटो निघणार होता की आजवरचे सगळे फिके पडावेत. डॉक्टर श्वास रोखून उभे राहिले.

तेवढ्यात स्टेशनातला फोन वाजला. मास्तर आत गेले आणि बाहेर आले ते चेहरा पाडून.

"मोठे इंजिनिअर साहेब निघालेत रुळांवरच्या ट्रॉलीवरून. पाचच मिनिटांत पोचतायत. वापरात नसलेल्या केबिनी बघत येतायत, आणि जी मोडकळीला आलीय ती पाडायची म्हणे."

मामांच्या हातातलं फडकं खाली पडलं. "पाडायची?" एवढंच ते म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. सावली इंच इंच सरकत होती.

"अहो, बघत काय बसलात?" बायको म्हणाली.

डॉक्टर कॅमेरा तसाच सोडून वळले. "मामा, उठा! साहेबांना वर न्या आणि एकेक दांडा कशाचा ते सांगा. अगदी सावकाश सांगा. मास्तर, तुम्ही त्यांना आधी समोरून दाखवा. आणि रंगारीबुवा, दुसरा ब्रश आहे का?"

"आहे की. पण साहेब, तुमची धाप?"

"गेली!"

पुढची वीस मिनिटं डॉक्टरांनी दातांवर कधी चालवला नसेल इतक्या वेगानं हात चालवला. रंगारी शिडीवर, डॉक्टर खाली, आणि बायको पदर खोचून गवत उपटायला. वरून मामांचा आवाज येत होता, "हा सातवा दांडा, साहेब. ह्याचा स्वभाव जरा हट्टी..." भिंतीवर ऊन आलं, तेव्हा ते ओल्या हिरव्या रंगावर पडलं. डॉक्टरांचं तिकडे लक्षही नव्हतं.

इंजिनिअर साहेब खाली उतरून मागे आले. "मागून कशी आहे?" म्हणत त्यांनी भिंतीवर हात ठेवला. तळवा हिरवागार झाला. साहेबांनी तळव्याकडे पाहिलं, डॉक्टरांच्या हिरवे शिंतोडे उडालेल्या चष्म्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"दाताचे डॉक्टर," मास्तर म्हणाले.

"दात पांढरे ठेवतात ना?" साहेब म्हणाले. दुसऱ्या हातानं त्यांनी कागदावर लिहिलं, 'केबिन सुस्थितीत. देखभाल चालू.' आणि हात पुसायला रॉकेल मागून घेतलं.

साहेब गेल्यावर मामांनी डॉक्टरांना कडकडून मिठी मारली. मग मास्तरांनी आग्रह धरला, आता फोटो काढाच. डॉक्टरांनी चारी बाजूंनी फोटो काढले, मामांना खिडकीत उभं करून काढले, आणि मास्तरांचा शब्द मोडवेना म्हणून त्यातला एक प्रदर्शनाला पाठवूनही दिला.

पंधरा दिवसांनी प्रदर्शनवाल्यांचं शिक्का मारलेलं उत्तर आलं. 'हे प्रदर्शन फक्त जुन्या केबिनींचं आहे. आपण पाठवलेली इमारत अगदी नवी व उत्तम स्थितीत दिसते. सबब फोटो स्वीकारता येत नाही.'

डॉक्टरांनी ते पत्र मास्तरांना दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. पण पुढच्या रविवारी दोघं पुन्हा केबिनीवर गेले, तेव्हा बायकोनंच ते पर्समधून काढून मामांच्या हातात ठेवलं. मामांनी चष्मा चढवून पत्र दोनदा वाचलं. मग मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'नवी व उत्तम स्थितीत' हे शब्द त्यांनी तीनदा म्हटले.

आता ते पत्र केबिनीत, दांड्यांच्या वर, काचेच्या चौकटीत टांगलेलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मामा ते दाखवतात. "वरून आलंय," ते सांगतात. "शिक्क्यानिशी."