निळ्या चड्डीतला गडी

आमचे घरमालक आप्पा मॉनिटरचा ताप बघतात. हाताची मागची बाजू त्याच्या कडेला टेकवायची, डोळे मिटायचे आणि "जरा कणकण हाय" म्हणत पंखा त्याच्याकडे वळवायचा. समोर बसलेला माणूस घामाघूम झाला तरी चालेल.

कारेगावात कंपनीतल्या पोरांसाठी त्यांनी खोल्या बांधल्यात, त्यातल्या एकीत मी राहतो. मी दिवसभर कंप्युटरपुढे बसतो, म्हणून आप्पांच्या लेखी मी त्यातला डॉक्टर. खरं तर मला प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही निघत नाही. पण एवढा मान दुसरं कोण देणार? हाक आली की मी जातो.

पन्नाशीचे आप्पा लहानपणचा टीव्ही गेम खेळतात. तो डबा कधीच भंगारात गेला; जुने गेम कंप्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम त्यांनी शिरूरच्या एका दुकानातून टाकून आणलाय. गेमात दोन गडी बंदुका घेऊन डोंगर चढतात, एक लाल चड्डीतला, एक निळ्या. आप्पा एकटेच दोघांना खेळवतात. आधी निळ्याला चार पावलं चढवायचं, मग रिमोट बदलून लालला. तोवर शत्रू दोघांनाही मारून मोकळा. "परत!" म्हणतात आप्पा.

दोघे एका ओळीत आले, की चित्र लुकलुकायला लागतं. त्या जुन्या गेमला इतकी चित्रं एकदम काढणं झेपत नसे, म्हणून एकदा हा दाखवायचा, एकदा तो. तासन्‌तास लुकलुकून निळा गडी पडद्यावर उमटूनच बसला. सातबारा उघडला, तर नावांच्या रांगेत हा फिकट निळा उभा. हवामान बघितलं, तर ढगांत हा.

शेवटी मी इलाज सांगितला. "आप्पा, एकट्यानं खेळायची सोय असते त्यात. दुसरा गडी काढून टाका, मॉनिटर वाचेल."

आप्पांचा चेहरा पडला. "ती मंगल हाय," ते म्हणाले.

मंगल म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दौंडला दिलेली. लहानपणी निळ्या गड्याचा रिमोट तिचा. गेमात पुढचा भरभर चढला की मागचा पडद्याखाली जाऊन मरायचा. "म्या पुढं पळायचो आन् ही खाली मरायची. 'दादा, थांब की' म्हणून वरडायची. म्या कवा थांबलो न्हाई."

पुढे जमिनीच्या वाटणीवरून दोघांचं फिसकटलं. तिने भाग मागितला, आप्पा चार माणसांत नको ते बोलले. तेव्हापासून ती माहेरी आली नाही, राखीही आली नाही.

"आता आधी तिलाच चढवतो," आप्पा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मग मी पुन्हा तो इलाज काढला नाही.

परवाच्या रविवारी जेवण उरकून आम्ही बसलो आणि मॉनिटर विझला तो विझलाच. मी वायरी काढून लावल्या, दोन चापट्या मारल्या. माझी विद्या तिथे संपली.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. हाताची मागची बाजू काळ्या पडद्याला टेकवली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"दादा?" पलीकडचा आवाज घाबरलेला. "काय झालं? समदी बरी हाईत न्हवं?"

"बरी हाईत." मॉनिटर गेला, हे आता कसं सांगायचं? आप्पांनी विचारलं, "जेवलीस का गं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "न्हाई अजून. तू?"

"म्या बी न्हाई."

"मग जेव की आधी. ऊन किती झालंय," ती दटावून म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आम्ही तर नुकतेच तीन-तीन भाकरी खाऊन उठलो होतो. आप्पा उठून आत गेले. काकू भांडी आवरत होत्या.

"वाढ मला," आप्पा म्हणाले. "मंगल जेव म्हणाली."