आत्यांच्या भिंगातली अक्षरं

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चांगुणाबाईंना वाचायचं वेड लागलं होतं. मोतीबिंदू निघाला, आत नवं भिंग बसलं आणि सगळं जग कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख झालं. मग बिस्किटाचा पुडा म्हणू नका, टेम्पोच्या मागची ओळ म्हणू नका, सिलिंडरवरची सूचना म्हणू नका. दिसेल ते मोठ्यानं, अक्षराला अक्षर जोडत वाचायचं. संगमनेरच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांनाच त्याचं कौतुक होतं. सुनेला, म्हणजे सुकन्यालाही होतं. मंगळवार सकाळपर्यंत.

मंगळवारी ती लॅपटॉप उघडून बसली होती आणि पाठीमागून सूर आला, "आ... त्यां... नी..."

सुकन्याच्या हातातला चहा तिथंच थांबला. सासूबाईंना ती आत्या म्हणायची.

सुकन्या दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका कंपनीचं काम घरून करायची. आठ महिन्यांच्या दिशाला सांभाळायला सासूबाई कर्जतहून आल्या होत्या, म्हणून ती नोकरी टिकली होती. त्या कर्जतला परत गेल्या की नोकरी गेली, इतकं सरळ होतं. आता प्रोग्रॅममध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला # अशी जाळी असते, ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही. ती माणसांसाठीची टीप. काम करता करता मनात येईल ते सुकन्या अशा टिपांत टाकून द्यायची.

# दिशा, शी दोनदा. रंग बरा.
# अंग कोमट लागलं. थर्मामीटर म्हणतं ताप नाही. थर्मामीटर बदलणे.

इथवर ठीक होतं. पण पुढे पुढे टिपांत सासूबाई आल्या. तोंडावर बोलता येत नाही ते सगळं जाळीमागे जायला लागलं. काम सांगणाऱ्या बंगळूरच्या मॅडमना मराठी येत नव्हतं आणि सासूबाईंना इंग्रजी. मॅडम तर एकदा म्हणाल्या होत्या की इतक्या टिपा लिहिणारं टीममध्ये दुसरं कुणी नाही. बंदोबस्त पक्का होता. एवढंच ध्यानात आलं नव्हतं, की इंग्रजीच्या त्या रानात सासूबाईंना वाचता येतील अशा ओळी नेमक्या त्याच होत्या.

एरवी त्या बाहेरच्या खोलीत असायच्या. पण दिशाला दात येत होते, आई नजरेआड झाली की ती भोकाड पसरायची. म्हणून आज तिला मांडीवर घेऊन त्या सुकन्याच्या मागेच कॉटवर बसल्या होत्या.

"आत्यांनी... प... र... त..." चांगुणाबाई पुढे सरकल्या.

फाईल बंद करावी, तर मॅडम फोनवर आणि काम त्याच फाईलमधलं. ओळी पुसाव्यात, तर त्यांत दुसऱ्यांच्याही टिपा होत्या आणि त्या पुसायची परवानगी नव्हती. मग तिला आठवलं, प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये ओळी न पुसता झाकता येतात. एक नमुना सांगायचा, की त्यात बसतील तेवढ्या ओळी पडद्याआड. घाईघाईत तिनं नमुना दिला, नुसतं #. एंटर.

मराठी गायब.

"आगं!" चांगुणाबाई दचकल्या. "आता हुतं, कुटं गेलं?"

"काय आत्या?"

"माझंच लिवलं हुतं की. 'आत्यांनी परत' आसं."

"इथं सगळं इंग्रजी असतं आत्या. मराठी कुठून येणार?"

खोटं बोलताना एरवी तिचे कान लाल व्हायचे. हे वाक्य इतकं सुरळीत बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

फोनवर मॅडम सांगत होत्या, कमी फॅटच्या दुधाचा आकडा लाल दिसतो, तो केशरी करा. दोन मिनिटांचं काम. सुकन्या लाल रंगाची ओळ शोधायला लागली. लाल सापडेना. म्हणून हिरवा शोधला, तोही नाही. काल स्वतःच्या हातानं लावलेला निळासुद्धा नाही. सगळा प्रोग्रॅम सुतकात बसल्यासारखा. मॅडम विचारत होत्या, आहात ना लाईनवर?

"आत्या, दिशानं इथं हात लावला का हो?"

"मी तर लावू दिला न्हाई. पन माझ्या दिसन्याचा आता काय भरवसा?"

तेवढ्यात तिच्या डोक्यात उजेड पडला. रंगांचे क्रमांकसुद्धा जाळीपासूनच सुरू होतात! 'जाळी असेल ती ओळ झाक' म्हटल्यावर एडिटरनं इमानदारीत कामाच्या ओळीही झाकल्या होत्या. आता सगळं उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिनं उघडलं.

"आलं!" चांगुणाबाई ओरडल्या. "आत्यांनी परत गु..."

सुकन्यानं झटकन नवा नमुना दिला. ओळीच्या अगदी सुरुवातीलाच जाळी असेल तरच झाक. त्यासाठी जाळीआधी एक टोपीसारखं चिन्ह लावायचं असतं. लावलं. रंग राहिले, काही टिपा गेल्या. पण थोडी जागा सोडून लिहिलेल्या टिपा तशाच ठाण मांडून बसल्या.

"वरचं गेलं, खालचं ऱ्हायलंय," मागून बातमी आली. "का... ज... ळ..."

घाम पुसत सुकन्यानं 'आधी मोकळी जागा असली तरी' हेही नमुन्यात घातलं. आता कुठे सगळं साफ झालं. तिनं लालाचा केशरी केला, मॅडमना पाठवला, फोन ठेवला आणि मागं वळली.

चांगुणाबाई एक डोळा मिटून भिंतीकडे बघत होत्या. मग दुसरा मिटून. मग त्यांनी दिशाला अलगद सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"धर तुझी पोर. मला हाय ते दिसंना आन् न्हाई ते दिसतंय. कुटं आदळली बिदळली तर?"

"अहो आत्या, तसं काही..."

पण त्यांनी खिडकीतून शेजारच्या गोजरबाईंना हाक मारलीसुद्धा. दोघींचं ऑपरेशन एकाच शिबिरात, एकाच दिवशी झालेलं. गोजरबाई पिठाच्या हातांनीच आल्या आणि लॅपटॉपला नाक लावून उभ्या राहिल्या.

"चांगुणा, हितं तर एक बी मराठी अक्षर न्हाई."

"मग मला कसं दिसलं?"

गोजरबाईंनी खूप विचार केला. "भिंग कुन्या तरी बाईचं जुनं बसवलं आसंल. त्या बाईचं वाचल्यालं त्याच्यावरच ऱ्हायलंय."

"पन 'आत्या' हुतं गं त्यात."

"मग! तिला भाचरं नसतील व्हय?" एवढं बोलून गोजरबाईंचा चेहरा पडला. "आगं बाई, माझं बी त्याच दिवशीचं हाय." आणि फोन शोधत त्या घराकडे पळाल्या.

थोड्याच वेळात शुगर फॅक्टरीतून नवऱ्याचा, रविराजचा फोन आला. "सुकन्या, घरी चाललंय काय? गोजरकाकूंनी शिबिरातल्या सगळ्या बायांना फोन केलेत. निम्म्या दवाखान्यात निघाल्यात. कुणाला भिंतीवर अक्षरं दिसतायत, कुणाला ताटात. आणि आई म्हणती, कर्जतला सोड. तिथलं सगळं पाठ आहे, डोळे नसले तरी चालतंय."

सुकन्यानं वळून पाहिलं. चांगुणाबाई सवय व्हावी म्हणून डोळे मिटून पिशवी भरत होत्या. त्यांनी चाचपून चाचपून सुकन्याचा कुर्ता घडी घालून आत ठेवला. दिशाची टोपडी ठेवली. मग हाताला बिस्किटाचा पुडा लागला. त्यांनी डोळे उघडले, पुड्याकडे क्षणभर पाहिलं, आणि न वाचता तो पालथा ठेवला.

सुकन्यानं हिशेब मांडला. गप्प राहावं, तर डोळ्यांपायी कर्जत. खरं सांगावं, तर रागापायी कर्जत. कुठूनही रस्ता तिकडेच जात होता. मग निदान डोळे शाबूत घेऊन तरी जाऊ देत.

"आत्या, इकडं या. तुमचे डोळे चांगले आहेत. मीच झाकलं होतं." आणि तिनं सगळं उघडलं.

चांगुणाबाई बसल्या. अक्षराला अक्षर जोडून वाचायची त्यांची रीत असल्यामुळे शिक्षा बरीच लांबली.

"आत्यांनी... परत... गुटी दिली. विचारलं... नाही."

सुकन्यानं मान खाली घातली.

"आत्यांनी एवढं... मोठं काजळ लावलं. डोळ्यात... गेलं तर?"

आजीच्या त्या संथ सुरावर दिशा खिदळायला लागली.

"दिशा आत्यांकडं बघून... हसते. माझ्याकडं बघून... रडते. का?"

ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"आत्या, मला बोला काहीतरी."

"बोलते. आदी गोजरला फोन लाव आन् त्या बायांना माघारी बोलव. दिसतंय म्हनावं. समदं दिसतंय."

फोन झाला. गोजरबाईंना भाचरांचं कोडं काही सुटेना, पण त्या कबूल झाल्या.  चांगुणाबाई स्क्रीनकडे बघत होत्या.

"हे झाकलंस कसं?"

"आधी ही जाळी लावायची. मग एडिटरला सांगायचं, सुरुवातीला जाळी असलेल्या ओळी झाक."

"पुसत न्हाई ना?"

"नाही. असतं तिथंच, दिसत नाही."

"आन् तुज्या कामात आडकाठी?"

"कॉम्प्युटर तिकडं बघतच नाही आत्या."

चांगुणाबाईंनी पिशवीतून सुनेचा कुर्ता काढून तिच्या अंगावर टाकला, पोर ओढून मांडीवर घेतली आणि पाठ भिंतीला टेकवली.

"मग मी सांगते ते लिही. जाळी लाव आदी."

सुकन्यानं जाळी लावली.

"सूनबाई रातचं उठू उठू पोरीच्या नाकाखाली बोट धरती. पोर त्यानंच उठती आन् नाव दाताचं."

"आत्या, मी नुसता श्वास बघते हो!"

"तुला कोन बोललं? मी माझं लिवतेय. झाक."

सुकन्यानं झाकलं. चांगुणाबाईंनी वाकून खात्री केली. ओळ खरोखर नव्हती. त्यांच्या तोंडावर गेल्या आठ महिन्यांत नव्हतं असं समाधान पसरलं.

"जाळी लाव. सूनबाईच्या वरनात मीट नसतंय. लिवलंस?"

"लिहिलं. पण मला तेव्हाच सांगायचं ना!"

"तोंडावर कसं म्हनायचं? वाईट वाटतं मानसाला. झाक. आन् तू वाचू नको बरं का, लिही नुसतं."

"नाही वाचत," सुकन्या म्हणाली आणि तिनं पुढची जाळी लावली. टाईप करताना वाचायचं कसं नाही, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण सासूबाई पुढची ओळ सांगायला लागल्या होत्या आणि ती भलतीच लांब होती.